ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, हे लॅबला विचारावं का?

वाचकाचा प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घरात २०१७ सालची सात सीटची डिझेल गाडी आहे. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत, वॉरंटी कधीच संपली. वर्षाला साधारण १२ हजार किलोमीटर होतात. रोज शाळेला जायला चार किलोमीटर आणि यायला चार, त्यातला निम्मा रस्ता तांबड्या मातीचा. रविवारी बेळगाव, सणासुदीला पुणे नाहीतर चोर्ला घाटातून गोवा. गाडीच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ असं लिहिलंय, पण सासरे दर पाच हजाराला ऑइल बदलून घेतात. त्यांचं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलंय. धाकटे दीर पुण्यात कॉम्प्रेसरच्या कारखान्यात आहेत. तिथे ऑइलची लॅब टेस्ट होते आणि मगच ते बदलतात. गेल्या सर्व्हिसला, ६,२०० किलोमीटरला काढलेलं ऑइल दिरांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून टेस्टला पाठवलं. अहवालाच्या शेवटी शेरा आला, ‘पुढे वापरण्यास योग्य’. दीर म्हणतात, ‘चांगलं ऑइल फेकून दिलं, आता पंधरा हजाराला बदलू. रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर औषध देतो का?’ सासरे म्हणतात, ‘काळंकुट्ट झालेलं मी डोळ्यानं बघितलंय.’ ऑइल-फिल्टरचा खर्च ३,५०० रुपये, टेस्टचा कुरिअर धरून १,८००. दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं आणि घरात वाद न वाढवता ते कसं सांगायचं, असं त्या विचारतात.

ताई,

अहवालाचा फोटो सोबत जोडलात, ते फार बरं केलंत. तुमच्या घरात सगळ्यांनी त्यातली शेवटची ओळ वाचलेली दिसते. मी वरचे आकडे वाचले, आणि त्यांचं म्हणणं त्या ओळीपेक्षा बरंच वेगळं आहे.

पण आधी एक विचारू का? पत्रात मामंजींचं मत आहे, दिरांचं मत आहे, मेस्त्रींचंही एक वाक्य आहे. गाडी रोज चालवणाऱ्या तुम्ही, आणि तुमचं मत मात्र कुठेच नाही. सगळ्या पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: ‘शाळा चार किलोमीटरवर, अर्धा रस्ता कच्चा.’ ही माहिती लॅबकडे नव्हती. दिरांचंच उदाहरण घ्यायचं तर डॉक्टरसुद्धा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन आधी विचारतो, काय खाता, किती चालता, झोप कशी आहे. त्या उत्तरांशिवाय रिपोर्टवरचे आकडे त्यालाही पुरत नाहीत.

मामंजींच्या काळ्या ऑइलबद्दल थोडक्यात. डिझेल इंजिनात नवं ऑइल घातलं की काही शे किलोमीटरातच ते काळं होतं. जळलेल्या डिझेलची काजळी एका जागी साचू न देता आपल्यात विरघळल्यासारखी धरून ठेवायची, यासाठीच त्यात द्रव्यं घातलेली असतात. त्यामुळे रंगावरून ऑइल संपलं की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. मामंजींचं कारण चुकीचं आहे. पाच हजाराचा आकडा मात्र तुमच्या गाडीच्या बाबतीत तितका चुकीचा नाही. का, ते पुढे येईल.

दिरांचं म्हणणंही हवेतलं नाही. वापरलेल्या ऑइलमधल्या धातूंवरून इंजिनाची तब्येत ओळखायची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिनांसाठी रूढ केली. आपल्याकडेही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये अशी तपासणी होते. ऑइलचा थेंब अतिशय तापवला की त्यातला प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. त्या प्रकाशावरून कुठला धातू किती, हे दहा लाख भागांत मोजतात. रेल्वे इंजिनात ऑइल शेकड्यांनी लिटर असतं आणि ते बंद पडलं तर मागची सगळी गाडी अडकते. तिथे टेस्टचा खर्च कुणी मोजत बसत नाही. कारखान्यातला कॉम्प्रेसरही एका जागी, एका वेगात, तासन् तास चालतो. आज मिळालेल्या अहवालावरून पुढचे पाचशे तास सांगता येतात, कारण ते आजच्यासारखेच जाणार असतात. तुमची गाडी जूनमध्ये वेगळी चालते, मे महिन्यात वेगळी आणि दिवाळीच्या सुट्टीत आणखी वेगळी. कारखान्यातली सवय घरच्या गाडीला जशीच्या तशी लावली, एवढीच दिरांची गडबड.

आता आकडे. व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, १०० अंशाला १२.६ आहे. तुम्ही १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल घालता. यातला ‘४०’ टिकवायचा तर हा आकडा १२.५ ते १६.३ च्या मध्ये राहायला हवा. तुमचं ऑइल ६,२०० किलोमीटरला त्या पट्ट्याच्या अगदी तळाला टेकलंय. पट्ट्याच्या आत आहे म्हणून लॅबने ‘योग्य’ लिहिलं, त्यात लॅबची चूक नाही. पण हेच ऑइल पंधरा हजारापर्यंत न्यायचं म्हटलं तर ते पातळ होऊन खालच्या ग्रेडमध्ये उतरायला किती वेळ लागेल?

पातळ का झालं, तेही पुढच्याच ओळीत आहे: ऑइलमध्ये डिझेल अडीच टक्के. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत असेल तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. चार किलोमीटरमध्ये तापमानाचा काटा मध्यावर येईल, पण तो काटा पाण्याचा. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. रविवारी बेळगावला गेलो की सगळं उडून जातं, असं अनेकजण समजतात. पाणी जातं, पेट्रोल असेल तर तेही बरंचसं जातं. डिझेल जड असतं, ते सहजासहजी जात नाही. इंजेक्टर गळत असेल तरीही हाच आकडा येतो, म्हणून तेवढी एक शंका मनात ठेवायची. ती फेडायचा उपाय फुकटातला आहे, तो शेवटी सांगते.

टीबीएन ५.४ आहे. ऑइलमध्ये आम्ल मारायची ताकद किती उरली, ते हा आकडा सांगतो. नव्या ऑइलचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. तो १० च्या आसपास असेल तर तुमची निम्म्याहून थोडी जास्त ताकद शिल्लक आहे. निम्म्यावर आलं की बदलावं, असा साधारण शिरस्ता आहे. एप्रिल २०२० पासून पंपावर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलंय, त्यामुळे ही ताकद आता पूर्वीपेक्षा सावकाश खर्च होते. इथे चिंता नाही. सोडियम, पोटॅशियमही नगण्य आहेत, म्हणजे कूलंट आत शिरत नाही. एक लाखाच्या पुढे गेलेल्या इंजिनाला ही मोठी जमेची बाजू आहे.

मला थांबायला लावलं ते दुसऱ्याच जोडीने. दहा लाख भागांत सिलिकॉन ३१, अ‍ॅल्युमिनियम १४.

सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. अ‍ॅल्युमिनियम दिसलं की मेस्त्री लगेच ‘पिस्टन घासतोय’ म्हणेल, आणि तसं असूही शकतं. पण आपल्या खानापूर-जांबोटीकडची माती जांभ्याची. तिच्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही भरपूर. या भागात बॉक्साइट सापडतं, म्हणून तर बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे तुमच्या ऑइलमधलं सगळंच अ‍ॅल्युमिनियम इंजिनातून आलं असेल असं नाही. त्यातलं काही तुमच्या शाळेच्या वाटेवरून आलं असेल. लोखंड ३८ आहे, त्यातही थोडा वाटा त्याच मातीचा असेल. आणि एअर फिल्टर चुकवून धूळ आत जात असेल तर ती सिलिंडर आणि रिंगा घासते, त्याने लोखंड आणखी वाढतं. अशा वेळी ऑइल पाच हजाराला बदला की पंधराला, इंजिन झिजतच राहणार. ती वाट आधी बंद केली पाहिजे.

मात्र या आकड्यांवर मी पुरता विश्वास टाकणार नाही, कारण नमुना कसा घेतला ते तुम्हीच लिहिलंय. गॅरेजमध्ये खालच्या ट्रेमध्ये ओतलेलं ऑइल, तिथून पाण्याच्या बाटलीत. तो ट्रे दिवसभरात किती गाड्यांखाली जातो आणि त्यात किती माती असते, कुठल्याही गॅरेजमध्ये उभं राहून बघा. ३१ पैकी किती सिलिकॉन तुमच्या इंजिनातलं आणि किती त्या ट्रेमधलं, हे आज सांगता येणार नाही.

सुदैवाने धुळीचा संशय लॅबशिवायही तपासता येतो. मेस्त्रींना एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगा. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवा आणि त्याच्या आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या अलीकडे तांबडी धूळ असणारच. पलीकडे फडक्यावर तांबूस डाग आला, तर धूळ फिल्टरला चुकवून जाते आहे. मग तीन ठिकाणं बघायची: डब्याच्या क्लिपा घट्ट बसतात का (एक तुटून तारेने बांधलेली आढळते), फिल्टरच्या कडेचं रबर चेपलंय का, आणि टर्बोकडे जाणाऱ्या पाइपला घडीच्या जागी चीर आहे का. तुम्ही लिहिलंय की मेस्त्री दर वेळी फिल्टरला हवा मारून तोच परत बसवतात. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. कच्च्या रस्त्याच्या गाडीला हे परवडणारं नाही. नवा बसवा. ऑइल चार-पाचदा बदलण्यापेक्षा या एका कामाने तुमच्या इंजिनाचं जास्त भलं होईल.

आता पैशांचं गणित, कारण दिरांचा सगळा मुद्दा बचतीचा आहे. वर्षाला १२ हजार किलोमीटर. दर पाच हजाराला बदललं तर वर्षाचा सरासरी खर्च ८,४०० रुपये. साडेसात हजाराला बदललं तर ५,६००. दिरांच्या म्हणण्याप्रमाणे ताणलं तरी वर्षाची मुदत आधी येते, म्हणून वर्षातून एकदा बदल, ३,५००. पण ताणायचंच असेल तर मध्ये एकदा टेस्ट केल्याशिवाय ताणता येत नाही, मग १,८०० वर चढले आणि झाले ५,३००. साडेसात हजाराला टेस्ट न करता बदलण्यात आणि टेस्ट करून ताणण्यात वर्षाला तीनशे रुपयांचा फरक! तीनशे रुपयांसाठी तळाला टेकलेल्या ऑइलवर चोर्ला घाट चढावा, असं मला मुळीच वाटत नाही.

शिवाय हे यंत्र ऑइलमधले अगदी बारीक कणच मोजतं, साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचे. एखाद्या बेअरिंगचा मोठा तुकडा निघाला तर तो त्याला दिसतच नाही. चांगला अहवाल म्हणजे सगळं ठीक असल्याची हमी, असं समजू नका.

मग टेस्ट करूच नये का? तुमच्या बाबतीत आणखी एकदा जरूर करा, पण वेगळ्या कारणासाठी. फिल्टरचं काम आधी उरकून घ्या. आत्ता घातलेलं ऑइल पाच हजाराला बदला, म्हणजे या फेरीपुरतं मामंजींचं ऐका. त्या वेळी नमुना नीट घ्या. लॅबकडून त्यांची बाटली मागवा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा. चेंबरच्या नटाभोवतीची माती पुसा, नट काढा, पहिलं ऑइल वाहून जाऊ द्या आणि मधल्या धारेखाली थेट बाटली धरा. गरम ऑइलने हात भाजतो, म्हणून हे मेस्त्रींनाच करू द्या. त्याच कंपनीच्या, त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा नमुनाही एकदाच सोबत पाठवता आला तर उत्तम, कारण मूळ आकडा माहीत नसेल तर किती घसरण झाली हे कळणार कसं? आलेले आकडे किलोमीटरने भागून बघा. गेल्या वेळी लोखंड दर हजाराला साधारण सहा पडलं होतं.

सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही उतरले, दाटपणाही टिकला, तर साडेसात हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं ठरवून टाका आणि पुन्हा टेस्टच्या मागे लागू नका. उतरले नाहीत तर पाच हजारच चालू ठेवा आणि इंजेक्टर, टर्बोचे पाइप तपासून घ्या. दहा हजाराच्या पुढे मात्र कुठल्याही अहवालावर जाऊ नका. तुमच्याच पुस्तिकेत मागच्या बाजूला ‘खडतर वापर’ असं पान असेल. धुळीचे रस्ते आणि रोजच्या छोट्या फेऱ्या त्यात बहुधा सापडतील, आणि त्यासाठी मुदत कमी करून दिलेली असेल. ते पान मामंजी आणि दीर दोघांना एकत्र दाखवा.

वर्षाचा एक बदल पावसाळ्यानंतर येईल असं जमवा. खानापुरातला पाऊस, त्यात शाळेच्या छोट्या फेऱ्या, इंजिन धड तापत नाही आणि ओल आत साठते. खंडेनवमीला गाडी पुजायच्या आधी ते ऑइल काढून टाकलंत तर उत्तमच.

इतरांनाही यातलं काही लागू पडेल. निपाणीहून कोल्हापूरला रोज महामार्गाने जाणाऱ्या गाडीला पुस्तिकेतली पूर्ण मुदत निर्धास्त पाळता येते. तिथे इंजिन गरम राहतं आणि धूळ कमी. बेळगावात शहापूर-अनगोळच्या गल्लीबोळांत महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीने किलोमीटर विसरावेत आणि तारीख बघावी. बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, जास्त लक्ष ठेवावं. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ होताना जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढत जाते. वॉरंटीतल्या गाडीची मुदत तर कुणीही ताणू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ महामार्गावर आलं होतं. तशा पाण्यात इंजिन बुडालं असेल तर टेस्ट करायची नाही आणि चावीही फिरवायची नाही, गाडी ओढून न्यायची आणि ऑइल बदलायचं. जुनी गाडी विकत घेताना मात्र १,८०० रुपयांची टेस्ट सोन्यासारखी आहे. मालकाने कालच ऑइल बदललं नसेल, तर कूलंटची गळती आणि धूळ दोन्ही कागदावर येतात.

आता घरचं. दोघांत कोण बरोबर, हा निवाडा तुम्ही करायला जाऊ नका, आणि त्याची गरजही नाही. मामंजींनी ट्रॅक्टर चालवलाय. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये ऑइलची वाटी असते, नांगरटीच्या दिवसांत ती रोज उघडून गाळ काढावा लागतो. धूळ इंजिनाचं काय करते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. ‘मामंजी, फिल्टरचा डबा एकदा तुमच्यासमोर उघडून घ्या, मेस्त्रींचं मला काही कळत नाही’ असं म्हणण्याऐवजी सरळ सांगा, ‘अहवालावरून धुळीचा संशय येतोय, तुम्ही बघाल का?’ ते आनंदाने बघतील. दिरांना जुना आणि नवा अहवाल शेजारी शेजारी मांडून तक्ता करायला सांगा, त्यांच्या हातचं काम आहे. आणि साडेसात हजाराचा प्रस्ताव तुमच्या तोंडून येऊ द्या, कारण गाडी कशी चालते हे सांगायचा अधिकार तुमचा आहे.

इंजेक्टरच्या शंकेचा फुकटातला उपाय सांगायचा राहिला. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर डिपस्टिक काढून पुसा, परत घाला आणि पातळी बघून वहीत तारखेसह लिहा. पातळी हळूहळू उतरली तर काळजी नाही, थोडं ऑइल जळतंच. चढत असेल तर डिझेल उतरतंय. मग पाच हजाराचीही वाट बघू नका, आधी इंजेक्टर दाखवा. हीच वही पुढच्या नमुन्यासोबत लागेल. बाटलीवर एकूण किलोमीटर, या ऑइलवरचे किलोमीटर, मध्ये वरून किती घातलं, आणि ऑइलचं नाव-ग्रेड लिहायला विसरू नका. दुसरा अहवाल आला की मलाही पाठवा. फिल्टर बदलल्यावर सिलिकॉन किती उतरलं, ते मला खरोखर बघायचंय.